डब्यातलं गाव

पंखा आणायला गेलो होतो. छताला टांगतात तो नव्हे. कॉम्प्युटरच्या पोटात असतो तो, तळहाताएवढा. दुकानदाराने माझ्या हातातला जुना पंखा उलटसुलट करून पाहिला, त्यातली धूळ काउंटरवर झटकली आणि विचारलं, "काका, हे मशीन अजून चालतंय?"

"दिवसरात्र."

"कशासाठी हो?"

"बायको गेम खेळते."

तो हसला. मीही हसलो. आयुष्य कारकुनीत गेलं, त्यामुळे खिडकीपलीकडचा हसला की आपणही हसावं, काम लवकर होतं, हे अंगवळणी पडलंय. तुम्ही आत्ता हसलात तरी मला राग नाही. दिवा तेवढा असू द्या. बोलताना समोरचं तोंड दिसलेलं बरं असतं.

ते मशीन आमच्या मुलाचं. तो बोगद्यावर इंजिनिअर होता. डोंगराखालून पाणी नेण्यासाठी खणत होते तो बोगदा खाली बसला. त्याच्याबरोबरचे सगळे सापडले, कोणी जिवंत, कोणी नाही. हा सापडला नाही. बरेच दिवस शोध चालला आणि मग शोध थांबवल्याचा आदेश निघाला. असले मसुदे मी नोकरीत पुष्कळ केलेत. 'सर्वतोपरी प्रयत्न करूनही' असे सुरू होतात, 'खेद वाटतो' इथे संपतात. मधे कोणाचा मुलगा आहे हे लिहायला जागा नसते. भाषा निर्दोष होती. मी तो कागद हिला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवला. हिने एवढंच विचारलं, "म्हणजे खणायचं थांबवलं?"

मी कागदाची घडी केली. उत्तर कागदातच होतं.

मुलाच्या खोलीत टेबलाखाली ते मशीन घुमत राहिलं. सवयीने मी बंद करायला वाकलो तर ही दारातून म्हणाली, "हात लावू नका. त्याचं काम चालू आहे ते."

काम काय होतं हे मला मुलाच्या मित्राने समजावलं. त्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड, म्हणून शाळेपासून सगळे त्याला ढापण्या म्हणतात. आता तो बँकेच्या संगणक विभागात मोठा साहेब आहे, तरी ढापण्याच. त्याने सांगितलं ते असं. मुलगा आणि त्याचे मित्र मिळून एक गेम खेळायचे. चौकोनी ठोकळ्यांचं जग. माती खणायची, दगड फोडायचे, घरं बांधायची. प्रत्येकजण आपापल्या घरून खेळणार, तर ते जग कुठेतरी एका जागी सतत चालू असायला हवं. ते आमच्या टेबलाखाली चालू होतं. त्याला सर्व्हर म्हणतात. आणि त्या सर्व्हरवर देखरेख ठेवायला, म्हणजे तो चालू करणं, बंद करणं, आत कोण आलंय कोण गेलंय हे बघणं, त्यासाठी आणखी एक प्रोग्राम होता.

"म्हणजे हेडक्लार्क," मी म्हणालो.

"अगदी तसंच, काका. आणि हा हेडक्लार्क मशीनमध्ये मोकळा सोडलेला नाही. डब्यात बसवलाय. कंटेनर म्हणतात त्याला. त्याचं सगळं सामानसुमान डब्यातच, वरून झाकण. आतल्याला बाहेरचं काही दिसत नाही, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. खेळणाऱ्यांना जायला-यायला एक छोटी खिडकी ठेवायची, बस्स."

"आमची कचेरी अशीच होती. फक्त खिडकी बंद असायची."

ढापण्या मोठ्याने हसला, मग भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं तसा गप्प झाला.

हिला खेळायला त्यानेच शिकवलं. मला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल. ही बाई अजून मोबाइल वाजला की आधी 'आले, आले' म्हणते आणि मग उचलते. पण ती शिकली. मुलाने आणि मित्रांनी मिळून तिथे एक अख्खं गाव बसवलं होतं. तळं, तळ्याकाठी झाडं, टेकडीवर मुलाचं घर. त्या घरात मोठ्या खिडकीची एक खोली होती आणि तिच्या दारावर पाटी होती, 'आईची खोली'. वडिलांच्या खोलीची पाटी मला कुठे दिसली नाही. मी विचारलंही नाही.

सुरुवातीला मित्र यायचे. काकू, इकडे या, काकू, ते बघा, असा गलका असायचा. मग नोकऱ्या, संसार. एकेकजण येईनासा झाला. गावात ही एकटीच उरली. दुपारचं आवरलं की चष्मा लावून, कानावर हेडफोन चढवून बसायची. काही करायची नाही. त्या खोलीत जाऊन खिडकीतून बाहेर बघत उभी राहायची.

अशाच एका दुपारी तिने मला हाक मारली. हळूच. झोपलेलं मूल उठू नये म्हणून मारतात तशी.

"अहो... हे ऐका जरा."

हेडफोन माझ्या डोक्यावर आला. वाऱ्याचा आवाज होता, तळ्याचं पाणी होतं. आणि त्याच्या खाली, खूप खाली, दुसरं काहीतरी.

ठक्. ठक्. मग थोडं थांबून, दमल्यासारखं, ठक्.

"दगड फोडतंय कोणीतरी," मी म्हणालो. "ढापण्या आला असेल."

"कोणी आलेलं नाही."

हेडक्लार्कचं एक पान असतं, ढापण्याने ते माझ्या फोनवरही जोडून दिलं होतं, आणि त्यावर आत असलेल्या प्रत्येकासाठी एक हिरवा ठिपका असतो. मी पाहिलं. हिचाच एकटीचा ठिपका होता. मी ढापण्याला फोन लावला.

"काका, आत कोणी नसेल तर तो आवाज येऊच शकत नाही."

"येतोय."

तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काकूंना झोप लागते का नीट?"

मी फोन ठेवला. ही माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. उलट, बोगदा बसल्यापासून पहिल्यांदाच त्या डोळ्यांत कोणीतरी राहायला आल्यासारखं वाटत होतं.

"तो आहे," ती म्हणाली. "बाहेरचे थांबले. तो थांबला नाही."

त्याच दिवशी तिने 'आईच्या खोली'ची फरशी फोडली आणि खाली खणायला सुरुवात केली.

मी तेव्हाच अडवायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. पण ती जेवायला लागली होती. घाईने का होईना, ताटावर बसत होती. आणि खरं सांगू? मलाही तो आवाज हवा होता. ती आंघोळीला गेली की मी चोरासारखा जाऊन हेडफोन कानाला लावायचो. ठक्. ठक्. मी मनात म्हणायचो, दमू नकोस रे. आई येतेय.

जिना खाली खाली जात राहिला. आधी खोलीत ओल्या मातीचा वास यायला लागला. मी खिडकी उघडली, भिंती तपासल्या, वरच्या मजल्यावर जाऊन पाइप गळतोय का विचारून आलो. वरच्या बाईंनी कोरडीठाक मोरी दाखवली आणि दार लावून घेतलं. मग हिचे हात गार पडायला लागले. भर उन्हात, दोन्ही हात माझ्या हातात घेऊन चोळले तरी गारच. एकदा तिची नखं कापून देत होतो. नखांखाली काळी चिकट माती होती. आमच्याकडे कुंडीसुद्धा नाही.

"हे कुठून आलं?"

"येणारच," ती म्हणाली. जसं काही मी फारच बावळट प्रश्न विचारला होता.

आणि मग श्वास. बसल्या बसल्या तिला धाप लागायची. ओठ जांभळट दिसायला लागले. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला, चिमटा बदलून पाहिला.

"ऑक्सिजन फारच कमी दाखवतंय. कुठे उंचावर फिरायला गेला होतात का?"

"नाही," ही म्हणाली. "खाली."

डॉक्टरांनी तेवढं लिहून घेतलं नाही. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ. रक्त तपासलं, ते उत्तम. दवाखान्यात ठेवून नळी लावली तरी आकडा वर चढेना. तिसऱ्या दिवशी नळी काढून ही स्वतःच्या पायांनी घरी आली आणि चप्पलसुद्धा न काढता मुलाच्या खोलीत गेली. डॉक्टर मला म्हणाले, "शरीरात काही दोष नाही." वरिष्ठांना फायलीत काही सापडलं नाही की ते अशाच समाधानाने ती परत पाठवतात.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. हेडक्लार्कच्या पानावर 'थांबवा' असं बटण आहे, ते दाबलं. तिने पुन्हा चालू केलं. मशीनची वायर काढली, तिने लावली. वायर कपाटात कुलपात ठेवली. संध्याकाळी बाजारातून आलो तर ही मुलाच्या खोलीत जमिनीवर बसून फरशीची फट नखांनी उकरत होती. दोन नखं निघाली होती. फरशीवर रक्त आणि तोंडात एकच, "आले रे... आले..."

मी वायर परत दिली. स्वतःच्या हातांनी जोडून दिली. आणखी काय करणार होतो?

मशीन फार तापायला लागलं म्हणून मी तो पंखा आणला होता, तो बसवायला ढापण्या आला. हिच्याकडे पाहून तो चरकला. मुकाट्याने मशीन उघडलं, पंखा बसवला, मग बराच वेळ पडद्यावर काहीतरी वाचत राहिला. नंतर मला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि नळ सोडून त्या आवाजाआड बोलला.

"काका, त्याने एक घोळ करून ठेवलाय."

"कसला?"

"कंटेनर म्हणजे वापरून फेकायची वस्तू. नवी आवृत्ती आली की जुना डबा फेकायचा, नवा आणायचा. म्हणून जे जपायचं ते डब्यात ठेवतच नाहीत. मशीनमध्ये बाहेर एक कप्पा करतात, माल तिथे, आणि डब्याला फक्त त्या कप्प्याचा रस्ता जोडून देतात. डबा गेला तरी माल राहतो. शेंबडं पोरही आधी हेच शिकतं." त्याने चष्मा काढून पुसला. "यानं कप्पा केलेलाच नाही. घाईत असणार, साइटवर जायचं होतं, नंतर बघू म्हणाला असेल. अख्खं गाव डब्यात आहे. बाहेर काही नाही."

"मग?"

"मग हेडक्लार्कच्या पानावर वर ती पिवळी पट्टी आहे ना, 'नवी आवृत्ती घ्या' म्हणणारी? तिला चुकूनही बोट लावू नका. बोट लावलं की हा डबा जाणार आणि कोरा येणार. गाव, टेकडी, घर, सगळं साफ. कचऱ्यातसुद्धा सापडत नाही, काका. रविवारी येतो, बाहेर काढून ठेवू सगळं. आज मला निघायलाच हवं."

नळ बंद करून मी वळलो तर ही दारात उभी. किती वेळ उभी होती देव जाणे. तिच्या चालण्याचा आवाज आताशा येतच नसे. धाप तेवढी ऐकू यायची, आणि ती नळाच्या आवाजात बुडाली होती.

"तुम्ही बोट लावणार नाही," ती म्हणाली.

"नाही लावणार."

"माझ्या गळ्याची शपथ घ्या."

मी तिच्या गळ्यावर हात ठेवला. आतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तशा गळ्याची शपथ मी घेतली.

रविवार यायचा होता. शपथ घेतली त्याच दिवशी दिवेलागणीला मी देवापाशी उभा होतो आणि मला तो आवाज ऐकू आला. हेडफोन न लावता. मुलाच्या खोलीतून, स्पष्ट. आता त्यात दमल्याची विश्रांती नव्हती. ठक्, ठक्, ठक्, ठक्.

खोलीत दिवा लावलेला नव्हता. पडद्याचा उजेड हिच्या तोंडावर पडला होता आणि त्या उजेडात ओठ निळे होते. हेडफोन गळ्यात लोंबत होता. पडद्यावर एक अरुंद भुयार आणि समोर दगड. ही दगड फोडत होती. पलीकडूनही कोणीतरी फोडत होतं.

"आता..." तिला वाक्य एका श्वासात बोलता येत नव्हतं. "आता एकच... भिंत... आहे."

"अगं, पुरे. ऊठ. आधी दवाखान्यात जाऊ."

"एकच... अहो..."

मी तिला खांद्याला धरून उठवायला गेलो. तिचा श्वास जो अडकला तो येईचना. डोळे पांढरे झाले. मी सोडलं तेव्हा छातीत थोडीशी हवा गेली, भांड्याच्या तळाशी उरलेलं पाणी खरवडून घ्यावं तशी. तिचा हात माउसवरून हलला नव्हता.

ढापण्याला फोन केला. "काका, ॲम्ब्युलन्स बोलवा," तो ओरडला. "मी निघालोच!" ॲम्ब्युलन्सवाल्याने पत्ता दोनदा विचारला आणि वाहतूक फार आहे म्हणाला.

मी बाहेरच्या खोलीत आलो. माझ्या फोनवर हेडक्लार्कचं पान उघडलं. वर पिवळी पट्टी होती.

तुम्हाला मुलं आहेत ना? मग हे कसं सांगू? त्या भिंतीच्या पलीकडे माझा मुलगा होता. सगळ्या जगाने सोडून दिल्यावर अंधारात एकटा, आईच्या दिशेने खणत इथवर आलेला. आणि अलीकडे त्याची आई, जिला त्याच्यापर्यंत पोचायला उरलेला श्वास पुरणार नव्हता. नोकरीत एकदा रेकॉर्ड रूमला आग लागली होती. तेव्हा साहेब ओरडले होते, बंद फायली जळू द्या, चालू आहेत त्या बाहेर काढा! इतका सरळ हुकूम मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. मी उभा राहिलो, आणि मला फक्त ते वाक्य आठवत होतं.

मी पट्टीला बोट लावलं.

'खात्री आहे ना?' असं मशीनने विचारलं. एवढं तर कोणत्याही साहेबाने मला विचारलं नव्हतं. मी पुन्हा बोट लावलं. एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकायला लागली, सावकाश, सरकारी गतीने.

आतल्या खोलीत ठक्ठक् थांबली.

मी धावत दारात आलो. पडद्यावरच्या दगडात एक भोक पडलं होतं. पलीकडे काळोख. ही खुर्चीतून पुढे झुकली होती, नाक पडद्याला लागेल इतकी. ती त्या भोकातून बघत होती. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पाठ दिसत होती. मग पडदा गोठला, करडा झाला आणि त्यावर अक्षरं आली, 'संपर्क तुटला'.

तिने श्वास घेतला. खोल, लांब, पोटापर्यंत. पाण्याखालून वर आलेलं माणूस घेतं तसा. मग दुसरा. ओठांवर रंग चढताना मी पाहिला.

मी तिच्या पायाशी बसलो. शपथेबद्दल ती बोलेल, मला शिव्या देईल, मारेल, असं वाटलं होतं. मारावं असंही वाटत होतं.

तिने मशीनची वायर स्वतःच्या हाताने काढली. "उशीर केलात," एवढंच म्हणाली आणि दिवा लावायला उठली.

ढापण्या आला. ॲम्ब्युलन्सही आली आणि ठणठणीत बाई बघून चिडून परत गेली. ढापण्याने पुन्हा मशीन सुरू केलं आणि रविवारपर्यंत रोज येऊन शोधत राहिला. डब्याच्या जागी नवा कोरा डबा होता. त्यात हिरवं सपाट मैदान होतं आणि त्यावर ऊन पडलं होतं. शेवटी त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका... नाही." मीच त्याला पाणी दिलं. मशीनची वायर पुन्हा काढली ती मी, कायमची.

ही बरी झाली. तुम्ही तिला आता पाहिलंत तर विश्वास बसणार नाही. चार घास जास्त जेवायची, शांत झोपायची. हातांना ऊब आली. मुलाच्या खोलीत मात्र पाऊल टाकेना. भिंतीवरचा फोटो तिने उतरवून कपाटात पालथा ठेवला. मी एकदा धीर करून मुलाचा विषय काढला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोणाबद्दल बोलताय?"

"अगं... आपल्या..."

"बाजारातून येताना मीठ आणा."

डॉक्टर म्हणाले, मन असं कधी कधी दार लावून घेतं, ढकलू नका. मी ढकललं नाही. पण त्या घरात त्याला आठवणारा आता मी एकटाच, आणि त्याला पुसून टाकणाराही मीच. जेवताना घास फिरायचा तोंडात. ती म्हणायची, "काय हो, बेचव झालंय का?"

मग एका दुपारी मी मुलाच्या खोलीत केर काढत होतो.

ठक्.

मशीन टेबलाखाली होतं, वायर कपाटात होती. मी झाडू धरून उभा राहिलो.

ठक्. ठक्.

आवाज भिंतीतून येत होता. खिडकीशेजारच्या, बाहेरच्या भिंतीतून. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. त्या भिंतीपलीकडे काही नाही. हवा आहे आणि खाली रस्ता. मी कान लावला. भिंत गार होती. मी बोटाच्या पेराने वाजवलं, ठक्. आतून लगेच उत्तर आलं.

काय झालं असेल माझं, विचारू नका. मी त्या भिंतीला मिठी मारली. "बाळा, मी आहे," म्हणालो. "बाबा आहे रे. तिच्यासाठी केलं मी. तिच्यासाठी केलं..." चुना गालाला लागत होता. रोज दुपारी हिचा डोळा लागला की मी जाऊन बसायचो. आवाज दिवसेंदिवस जवळ येत होता. मला एकच ध्यास लागला. एकदा मी त्याला सोडून दिलं होतं, पुन्हा नाही. शेजाऱ्यांकडून छिन्नी-हातोडी मागून आणली, खिळा ठोकायचाय म्हणून.

पहिला घाव घातला आणि मागे ही उभी होती.

"काय करताय?"

"ऐक," मी म्हणालो. "तू फक्त ऐक. मग हवं ते बोल मला."

ठक्. ठक्.

तिने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"उंदीर असतील," ती म्हणाली.

"भिंतीत?"

"भिंतीत." तिने माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी घेऊन आली.

गवंडी वयस्क होता, बोलका. आल्या आल्या त्याने भिंतीवर थापी वाजवत फेरी मारली. "वहिनी, इथे पोकळ आहे बघा." मी छिन्नी मारलेल्या जागी त्याने जरा टोचलं तर गिलावा आपोआप आत पडला. बाहेर नाही, आत. मुठीएवढं भोक पडलं. त्यातून गार हवा आली, ओल्या मातीच्या वासाची. किती खोल आहे बघायला त्याने हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत. भिंतीची जाडी वीतभर.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "पलीकडे कोणती खोली आहे तुमची?"

"खोली नाही. रस्ता आहे."

त्याने हात जरा घाईनेच बाहेर काढला आणि पँटला पुसला. "मग... मोठं करून बघायचं, की भरायचं?"

"मोठं करा," मी म्हणालो.

"भरा," ही म्हणाली.

"अगं, तो आत आहे!" मला आवाज आवरेना. "आपला आहे. किती लांबून आलाय. तूच म्हणाली होतीस ना, तो थांबला नाही..." मी गवंड्याचा हात धरला. "तुम्हाला मुलगा आहे ना? मग फोडा. तुमच्या पाया पडतो."

"यांचं मनावर घेऊ नका," ती गवंड्याला म्हणाली. "दुहेरी विटा घाला आणि घट्ट भरा."

गवंड्याने माझ्या बायकोचं ऐकलं. बहुतेक शहाणे तेच करतात. त्याने विटा बसवल्या, सिमेंट लावलं. मी भिंतीशी डोकं टेकून बसलो होतो. आतून ठक्ठक् चालूच होती, माझ्या कानाच्या उंचीवर, आणि दर विटेबरोबर मंद होत होती. भोक बुजलं. वरून गुळगुळीत हात फिरवून गवंडी मागे सरला आणि अवजारं गोळा करायला लागला.

"झालं, वहिनी."

"नाही झालं," ही म्हणाली. ती त्याच्या मागे उभी होती, डोळे भिंतीवर, आणि तिचा आवाज मी संसारात कधी ऐकला नव्हता इतका खाली आला होता. "अजून वर घ्या. छतापर्यंत... तो वाकून उभा आहे."

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. मी हिच्याकडे.

आमचा मुलगा हिच्या वळणावर गेला होता, ठेंगणा. वरच्या फळीवरचा डबा काढायला तो नेहमी मलाच हाक मारायचा.

भिंतीत आता अगदी शांत होतं. मग खूप वर, पंख्याच्या पात्यांच्याही वर, जिथे भिंत छताला मिळते तिथून, कोणीतरी हलक्या हाताने वाजवलं.